वॅट वाढवण्याआधी

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे लिहितोय ते सिगारेट सोडू पाहणाऱ्या, आणि जिथे व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, कायदेशीर आहे अशा देशात राहणाऱ्या मराठी माणसांसाठी. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, बाहेरून आणणं, विकणं, साठवणं सगळंच बंद आहे. आणि जो मुळात सिगारेट ओढतच नाही, त्याने या वाटेला जाण्याचं काहीच कारण नाही. निकोटिनची सवय लावून घेणं सोपं आणि सोडणं अवघड, हे मी वीसेक वर्षं अंगावर काढलेलं आहे.

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. मिरजेला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, काही वर्षं कुपवाडच्या एमआयडीसीत काढली आणि आता इथे एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. सिगारेट डिप्लोमाच्या काळात टपरीवर लागली. इंग्लंडमध्ये पाकीट परवडेना म्हणून सुटी तंबाखू घेऊन हाताने वळायला लागलो, पण सुटली नाही ती नाहीच. शेवटी खोकला इतका वाढला की मंजिरीने, म्हणजे माझ्या बायकोने, स्वतः फोन करून कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, सिगारेट सोडवणाऱ्या मोफत सेवेत माझी वेळ घेतली. तिथल्या सल्लागार बाईंनी चौकशी करून एक छोटा, पेनासारखा व्हेप आणि १२ मिलिग्रॅमचं लिक्विड हातात दिलं.

त्या पेनावर सिगारेट बऱ्यापैकी बाजूला पडली, पण पुरती नाही. पहाटेच्या पाळीआधी आणि रात्री जेवण झाल्यावर तलफ यायची आणि हात तंबाखूच्या पुडीकडे वळायचा. त्यातच पेनाची बॅटरी दुपारनंतर मान टाकायची. कारखान्यात माझ्याबरोबर सचिन आहे, इचलकरंजीचा. तो म्हणाला, ‘‘दादा, तुमचं यंत्रच बारकं आहे. मोठं घ्या, दोन सेलवालं. दोनशे वॅटचं मिळतंय. एक झुरका मारला की विषय संपला.’’ त्याचं यंत्र विटेएवढं आहे आणि त्यातून निघणाऱ्या वाफेत समोरचा माणूस दिसत नाही. मलाही पटलं. सिगारेट सुटत नाही म्हणजे ताकद कमी पडतेय, असं तेव्हा मलाही वाटत होतं.

पैसे खर्च करण्याआधी सल्लागार बाईंना विचारायचं ठरवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘तुम्हाला निकोटिन कमी पडतंय की वाफ कमी पडतेय?’’

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण मोठं यंत्र घ्यायला निघालेला नवखा माणूस या दोन गोष्टींची गल्लत हमखास करतो. निकोटिन कमी पडलं की चिडचिड होते, लक्ष लागत नाही, थोड्या थोड्या वेळाने झुरका मारावासा वाटतो. वाफ कमी पडली की तलफ भागलेली असते, पण छाती भरल्याचं समाधान नसतं. बाई म्हणाल्या, आधी यंत्र तेच ठेवा, लिक्विड बदला. ब्रिटनमध्ये लिक्विडमध्ये जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर निकोटिन ठेवता येतं. त्यांनी २० चं ‘निकोटिन सॉल्ट’ सुचवलं. साधं निकोटिन जास्त प्रमाणात घशाला टोचतं. सॉल्टमध्ये थोडं आम्ल घातलेलं असल्याने तेवढंच निकोटिन घशाला न लागता उतरतं.

फरक लगेच कळला. सकाळची तलफ त्या छोट्या पेनानेच आटोक्यात आली. पाळीला जाण्याआधी चार झुरके पुरायला लागले आणि तंबाखूची पुडी कपाटात राहिली. म्हणजे माझी अर्धी अडचण ताकदीची नव्हतीच. मंजिरीने त्याच सुमारास २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीबद्दल वाचून दाखवलं. त्यात सिगारेट सोडू पाहणारे ८८६ लोक होते. वर्षअखेर ई-सिगारेटवाल्या गटातले १८ टक्के लोक सिगारेटपासून दूर राहिले होते, आणि निकोटिनचे पॅच (त्वचेवर लावायच्या पट्ट्या), गमसारखे पर्याय घेतलेल्यांपैकी ९.९ टक्के. त्या लोकांना जे यंत्र दिलं होतं ते पुन्हा भरता येणारं साधं सुरुवातीचंच होतं, आणि बाटली १८ मिलिग्रॅमची. त्याच चाचणीतली दुसरी बाजूही तिने वाचली: ई-सिगारेटने सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढत होते. ‘‘एक सोडून दुसऱ्यात अडकायचं नाही,’’ असं तिने तेव्हाच बजावलं, आणि ते बरोबरच आहे.

उरली ती रात्रीची वेळ. वर्षानुवर्षं मी जेवणानंतर सिगारेट खोल ओढत आलो. पेनाचा झुरका म्हणजे घट्ट लस्सी बारीक स्ट्रॉने ओढल्यासारखा. आधी तोंडात घ्यायचा, मग छातीत. दिवसा ते चालायचं, पण रात्री छाती रिकामी वाटायची. म्हणजे मला थोडी जास्त वाफ हवी होती, थोडा मोकळा झुरका हवा होता, आणि पाळी संपेपर्यंत टिकणारी बॅटरी हवी होती. इतकं नेमकं कळल्यावरच मी यंत्रं बघायला लागलो.

इथून पुढचा भाग माझ्या आवडीचा, कारण तो सगळा ओहमच्या नियमाचा आहे.

व्हेपच्या आत तारेचं किंवा जाळीचं एक छोटं कॉइल असतं, त्याच्याभोवती कापूस असतो, कापसात लिक्विड मुरलेलं असतं. कॉइल तापतं, लिक्विडची वाफ होते. कॉइलच्या डबीवर दोन आकडे असतात: रोध ओहममध्ये आणि किती वॅटपर्यंत चालवायचं ते. व्होल्टचा वर्ग भागिले रोध म्हणजे वॅट, हे आम्ही पहिल्या वर्षाला घोकलेलं. माझ्या पेनात १.२ ओहमचं कॉइल होतं. लिथियम सेलचे सरासरी ३.७ व्होल्ट धरले तर ११ वॅटच्या आसपास ताकद निघते. सचिनच्या यंत्रात ०.१५ ओहमची जाळी होती आणि तो ते ७० वॅटवर चालवायचा. हिशेब केला तर त्या कॉइलमधून २१ अँपिअरपेक्षा जास्त करंट जातो. घरातल्या पंख्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. व्होल्टेज तिथे कितीतरी जास्त असतं हे खरं, पण सेल आणि तारा तापतात त्या करंटने, आणि एवढा करंट हातातल्या डबीत खेळतोय हे वायरिंग केलेल्या माणसाला विसरता येत नाही.

दुकानात गेल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते हे की यंत्रावर लिहिलेला वॅटचा आकडा हा त्याचा वरचा टप्पा असतो. २०० वॅटचं यंत्र १५ वॅटवरही चालतं. खरा निर्णय कॉइल करतं. मोठ्या जाळीला तापायलाच जास्त वॅट लागतात. तिला २० वॅट दिले तर कोमट, बेचव वाफ येते. आणि बारक्या कॉइलला ५० वॅट दिले तर कापूस करपतो. करपलेल्या कापसाचा झुरका नुसता चवीला घाण असतो असं नाही, त्या तापमानाला लिक्विडचं विघटन होऊन फॉर्मल्डिहाइडसारखे पदार्थ तयार होतात. तेव्हा ‘ताकद वाढवायची’ म्हणजे बटण दाबून आकडा चढवायचा नव्हे. आधी झुरका कसा हवा ते ठरवायचं, त्याला साजेसं कॉइल शोधायचं, मग त्या कॉइलला पुरेल असं यंत्र आणि त्या यंत्राला पुरेल असा सेल. मी याच क्रमाने गेलो आणि दुसऱ्या कोणालाही याच क्रमाने जायला सांगेन.

नार्बरो रोडवरच्या एका छोट्या दुकानात पन्नाशीच्या एक बाई असतात. त्यांनी स्वतः तीसेक वर्षं सिगारेट ओढून सोडलेली. मी माझी गरज सांगितली तेव्हा त्यांनी काचेतली चकचकीत मोठी यंत्रं काढलीच नाहीत. तीन टाक्या, म्हणजे लिक्विड आणि कॉइल असलेले यंत्राचे वरचे भाग, काउंटरवर ठेवल्या, प्रत्येकीला नवा प्लास्टिकचा तोंडचा भाग लावला आणि म्हणाल्या, ‘‘आकडे बघू नका. ओढून बघा आणि कुठलं आवडतं ते सांगा.’’ पहिली १.० ओहमची, माझ्या पेनासारखीच. तिसरी ०.२ ओहमची, ६० वॅटवर, तीन मिलिग्रॅमचं लिक्विड. तिसरीचा झुरका सरळ छातीत गेला, गरम आणि भरगच्च, आणि मला खोकला आला. मधली ०.६ ओहमची होती, २२ वॅटवर. हवा थोडी अडते, पण ओढावं तसं छातीत जातं. घशाला हलकासा ठसका लागतो, सिगारेटसारखा. मी मधली टाकी उचलली आणि त्यांनी मान डोलावली.

इंग्लंडमध्ये या मधल्या झुरक्याला ‘रिस्ट्रिक्टेड डायरेक्ट लंग’, म्हणजे छातीत जाणारा पण थोडा अडवलेला थेट झुरका म्हणतात. सिगारेट खोल ओढणाऱ्या माणसाला तो बहुतेक वेळा मानवतो, असं त्या बाई म्हणाल्या. मला तरी तो मानवला.

मग सेल. इथे मी त्यांचा बराच वेळ घेतला, आणि इथे वेळ घ्यायलाच हवा.

आत कायमची बसवलेली बॅटरी असलेली यंत्रं असतात आणि सुटे सेल घालायची यंत्रं असतात. सुटा सेल बहुधा १८६५० मापाचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. जरा मोठा २१७००. सेलवर दोन गोष्टी बघायच्या: किती मिलिअँपिअर-अवर साठवतो आणि सलग किती अँपिअर देऊ शकतो. नवखा माणूस पहिलाच आकडा बघतो. पण साधारणपणे साठवण वाढते तशी सलग करंट द्यायची क्षमता कमी होते. सॅमसंगचा २५आर सेल घ्या: २,५०० मिलिअँपिअर-अवर, सलग २० अँपिअर. ऑनलाइन ९,९०० लिहिलेले सेल दिसतात. या मापाच्या सेलमध्ये तेवढं बसणं शक्यच नाही. जो एक आकडा खोटा लिहितो त्याच्या दुसऱ्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही.

आता वॅट आणि सेल यांचा मेळ. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेलं यंत्र तुम्ही लावलेले वॅट कायम ठेवतं. सेल उतरत गेला, व्होल्टेज खाली आलं, की तेवढेच वॅट देण्यासाठी ते सेलमधून जास्त करंट ओढतं. म्हणून हिशेब भरलेल्या सेलच्या ४.२ व्होल्टवर करायचा नाही. यंत्र बंद पडायच्या आधीचे ३.२ व्होल्ट धरायचे. ६० वॅट भागिले ३.२, म्हणजे पावणेएकोणीस अँपिअर. सर्किटमध्ये दहाएक टक्के वाया जातात ते मिळवले की २० च्या वर गेलं. म्हणजे एका २५आर सेलवर ६० वॅट हे त्याच्या मर्यादेच्या पलीकडे आहे, यंत्राच्या पडद्यावर ८० पर्यंत आकडा चढत असला तरी. माझ्या २२ वॅटला साधारण साडेसात अँपिअर लागतात. सेलला निवांत. हाच हिशेब मी एका कागदावर करून सचिनला दाखवला. त्याच्या यंत्रात दोन सेल असल्याने भार वाटला जातो, ते ठीक होतं. पण त्यातला एक सेल जुना आणि एक नवा होता. दोन सेलच्या यंत्रात जोडी कायमची ठेवायची असते: एकाच दिवशी घेतलेले, बरोबर वापरलेले, बरोबर चार्ज केलेले. नाहीतर कमकुवत सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला ओढत राहतो. सचिनने त्याच आठवड्यात नवी जोडी घेतली.

दुकानातल्या बाईंनी माझ्यासमोर एक सेल धरून त्याच्या वरच्या टोकाजवळची पांढरी चकती दाखवली. मधल्या धन टोकाभोवती ती असते. सेलचं बाकी सगळं धातूचं अंग ऋण असतं, थेट वरच्या कडेपर्यंत. धन आणि ऋण यांच्यात वरच्या बाजूला आहे ते एवढंच, ती कागदी चकती आणि बाहेरचं पातळ प्लास्टिक. प्लास्टिकला नखाएवढी चीर गेली आणि तिथे यंत्राचा धातू टेकला की शॉर्ट. खिशात सुटा सेल, बरोबर किल्ल्या किंवा नाणी, तरी शॉर्ट. लिथियम सेल शॉर्ट झाला की आतून तापत जातो, तापल्याने आणखी तापतो, आणि मग त्याला थांबवता येत नाही. म्हणून सुट्या सेलला प्लास्टिकची डबी हवीच. ती दुकानात फुकट मिळाली. सेल बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या स्वतः सांगतात की हे सेल सुटे हाताळण्यासाठी बनवलेले नाहीत, आणि हे वाक्य गांभीर्याने घ्यायला हवं. ज्याला सेलचा हा सांभाळ जमणार नाही असं वाटतं, त्याने सरळ आत बसवलेल्या बॅटरीचं यंत्र घ्यावं. त्यात कमीपणा काही नाही.

काउंटरच्या कडेला पितळेच्या नळीसारखी दोन यंत्रं होती. देखणी. त्यांच्या आत सर्किट नसतं; बटण दाबलं की सेल थेट कॉइलला जोडला जातो. फ्यूज नाही, कटआउट नाही. भरलेला सेल आणि ०.२ ओहमचं कॉइल म्हणजे ४.२ भागिले ०.२, सरळ २१ अँपिअर, आणि चुकून कॉइल शॉर्ट असेल तर अडवायला मध्ये कोणी नाही. २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये व्हेप फुटून माणसं गेली आहेत. बाईंनी स्पष्ट सांगितलं, नवख्या माणसाला मी हे विकत नाही. त्या दुकानाबद्दल माझा आदर तिथेच वाढला. मी फ्यूजशिवाय एक स्विचबोर्डसुद्धा चालू करत नाही. तोंडापाशी धरायच्या वस्तूला तर संरक्षण हवंच: शॉर्ट झालं तर बंद, रोध फार कमी असेल तर बंद, सर्किट तापलं तर बंद, बटण दाबलेलंच राहिलं तर ठरावीक सेकंदांनी बंद.

शेवटी घेतलं ते एका सेलचं, रबराच्या कवचाचं यंत्र. कारखान्यात खाली पडलं तरी चालावं म्हणून. वर दोन मिलिलिटरची टाकी. ब्रिटनमध्ये त्याहून मोठी टाकी विकता येत नाही. ०.६ ओहमची कॉइल्स, दोन सेल, आणि वेगळा चार्जर, कारण यंत्रातच केबल लावण्यापेक्षा बाहेर, नजरेसमोर चार्ज केलेलं मला बरं वाटतं.

लिक्विडचा विषय त्याच वेळी निघाला आणि तो निघाला नसता तर सगळं फिसकटलं असतं. माझ्या पेनात २० मिलिग्रॅम होतं. तेच नव्या टाकीत घातलं तर प्रत्येक झुरक्याला दुपटी-तिपटीने वाफ, म्हणजे तेवढंच जास्त निकोटिन. गरगरणं, मळमळ, छातीत धडधड. ताकद वाढली की मिलिग्रॅम खाली आणायचे, हे यंत्राच्या डबीवर ठळक छापायला हवं असं मला वाटतं. मधल्या झुरक्याला बाईंनी सहा सुचवलं. सचिनसारख्या मोठ्या यंत्राला तीनच्या वर जायचंच नसतं.

दुसरी गोष्ट जाडीची. लिक्विडमध्ये मुख्य दोन द्रव असतात, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि वनस्पती तेलापासून काढलेलं ग्लिसरीन. ग्लिसरीन घट्ट असतं, वाफ दाट देतं. मोठ्या जाळीच्या कापसाला ७० टक्के ग्लिसरीनवालं लिक्विड चालतं, छोट्या कॉइलच्या बारीक भोकांतून ते वेळेवर पोहोचत नाही आणि कापूस कोरडा राहतो. माझ्या ०.६ ला निम्मं-निम्मं पुरतं. निकोटिनवालं लिक्विड इथे दहा मिलिलिटरच्या बाटलीतच मिळतं. मोठी वाफ काढणारे ६० मिलिलिटरच्या बाटलीत ५० मिलिलिटर बिननिकोटिनचं लिक्विड घेतात आणि त्यात १८ मिलिग्रॅमची एक छोटी बाटली ओततात. १८० मिलिग्रॅम भागिले ६०, तीन झालं. हे गणित दुकानात नवख्यांना तोंडपाठ करून द्यायला हवं.

मंजिरीची एक शंका उरली होती. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेपमुळे फुफ्फुसं निकामी झालेल्यांच्या बातम्या तिने ऐकल्या होत्या. ती भीती मी उडवून लावली नाही. आम्ही दोघांनी बसून वाचलं. तिथे २,८०७ लोकांना झालेला त्रास आणि ६८ मृत्यू नोंदवले गेले, आणि तपासात बहुतांश रुग्णांनी टीएचसी या गांजातल्या नशेच्या घटकाची कार्ट्रिज (व्हेपला लावायच्या भरलेल्या नळ्या) वापरल्याचं आढळलं, बरीचशी अनधिकृत विक्रीतली. त्यात मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे मुख्य कारण समोर आलं. ब्रिटनमध्ये २०१६ च्या नियमांनी निकोटिनच्या लिक्विडमध्ये व्हिटॅमिनं घालायला बंदी आहे, आणि प्रत्येक उत्पादन एमएचआरए या सरकारी संस्थेकडे नोंदवावं लागतं. ती यादी कोणालाही बघता येते. आमच्या घरात आता यादीत नसलेलं लिक्विड येत नाही, स्वस्त असो की कोणी भेट दिलेलं. आणि यादीतलं म्हणजे निर्धोक, असंही आम्ही मानत नाही. इथली आरोग्यसेवा म्हणते तेवढंच मी धरून चाललोय: सिगारेटपेक्षा धोका बराच कमी, पण शून्य नाही, आणि दूरच्या परिणामांचा अभ्यास अजून चालू आहे.

यंत्र घरी आणल्यावर घाई केली नाही. नव्या कॉइलच्या कडेच्या भोकांत दिसणाऱ्या कापसावर लिक्विडचे दोन-दोन थेंब टाकले. पांढरा कापूस भिजून पारदर्शक झाला, मग टाकी भरली आणि जेवण होईपर्यंत तशीच उभी ठेवली. कॉइलवर २० ते २५ वॅट छापलं होतं. मी १५ पासून सुरुवात केली. १५ ला वाफ थंड आणि पाण्यासारखी. १८ ला चव उघडली. २१ ला छाती भरली. २४ ला चव चांगली होती पण टाकीचा वरचा भाग बोटाला गरम लागला आणि लागोपाठ झुरक्यांना घसा कोरडा पडला. २१ वर आलो आणि तिथेच थांबलो. पेनाचे ११ आणि सचिनचे ७०, त्यात माझं २१. ‘‘दादा, एवढंच?’’ असं सचिनने विचारलं खरं, पण त्या रात्री जेवणानंतर मी वेलचीचा स्वाद असलेलं ते सहा मिलिग्रॅमचं लिक्विड बाल्कनीत ओढलं, आणि तंबाखूच्या पुडीची आठवण आली नाही. पुढच्या काही दिवसांतही आली नाही, तेव्हा पुडी कचऱ्यात टाकली.

खर्चाचंही सांगायला हवं, कारण नवखा माणूस यंत्राची किंमत बघतो आणि लिक्विडची विसरतो. वॅट जितके जास्त तितकं लिक्विड जास्त उडतं. माझी टाकी दिवसभरात दीडएकदा भरावी लागते, म्हणजे तीन मिलिलिटर. सचिन दहा सहज संपवतो. आता १ ऑक्टोबर २०२६ पासून दर दहा मिलिलिटरला २.२० पौंड नवा कर ठरला आहे, त्यावर २० टक्के व्हॅट, म्हणजे २.६४. सचिनच्या वापराला तो जवळजवळ रोजचा भुर्दंड होतो. एकदा वापरून फेकायचे व्हेप १ जून २०२५ पासून इथे बंद झाले, तेव्हा त्यांच्यावर असलेले कारखान्यातले बरेच जण आता यंत्र कुठलं घ्यावं म्हणून विचारतात. मी त्यांना सल्लागार बाईंचा प्रश्न विचारतो: निकोटिन की वाफ? बहुतेकांचं काम पॉडवर, म्हणजे लिक्विडची डबी लावायच्या छोट्या, पुन्हा भरता येणाऱ्या यंत्रावर भागतं.

दिवाळीला सांगलीला जायचं होतं. यंत्र नेण्याचा प्रश्नच नव्हता. बाहेरून आणणं हाच भारतात गुन्हा आहे, पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कितीतरी जण ‘बॅगेत कोण बघतंय’ म्हणून नेतात, तसं करू नये असं माझं ठाम मत आहे. यंत्र घरी ठेवलं, सेल बाहेर काढून डबीत ठेवले. सल्लागार बाईंनी पॅच दिले, आणि दोन मिलिग्रॅमचे निकोटिन गम सांगलीत औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळाले. जुन्या मित्रांबरोबर टपरीवर उभं राहणं कठीण गेलं, पण चहाचा कप दोन्ही हातांत धरून उभा राहिलो. आईने तिसऱ्या दिवशी विचारलं, ‘‘खोकला कुठं गेला रे तुझा?’’

परत आल्यापासून तेच यंत्र, तेच २१ वॅट. दर दोन-तीन आठवड्यांनी चव मळकट झाली की कॉइल बदलतो, सेलचं प्लास्टिक उजेडात फिरवून बघतो. दुपारच्या टाकीत सहाऐवजी तीन मिलिग्रॅम घालून बघायला सुरुवात केली आहे. सल्लागार बाईंचं म्हणणं असं की मिलिग्रॅम उतरवायची घाई नको. सिगारेटकडे परत जाणार नाही याची खात्री पटेल तसंच खाली यायचं. रात्रीची टाकी अजून सहाचीच आहे.